दुसऱ्या खोलीतला कान

२०३४ सालच्या जानेवारीत माझ्या मुलीनं मला तळकोंड नगरपरिषदेच्या जुन्या वाचनालयातल्या एका खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाली, "आबा, एकेक आवाज येईल. गळती असेल तर 'गळती' म्हणायचं, नसेल तर 'शांत'. बाकी काही बोलायचं नाही."

शेजारच्या खोलीत तिनं इसाक मुलाणीला बसवलं. मधलं दार लावून घेतलं तसा इसाक आतून म्हणाला, "का गं मंजू, दार कशाला? कॉप्या करतो काय आम्ही?"

"हो चाचा, तेवढ्यासाठीच."

बाहेर बसलेले इंजिनियर हसले. मी पण हसलो.

मी सोपान वायदंडे, तळकोंडचा व्हॉल्व्हमन. सदतीस वर्षं या गावाला पाणी सोडलं. ओढ्यापलीकडे उंबरठाण, तिथलं पाणी इसाक सोडायचा. दोन्ही गावांना नदीवरून एकच जुनी बिडाची लाइन येते आणि ओढ्याच्या काठानं, दोन्हींच्या हद्दीवरून पुढं जाते. ती कुठं फुटली की भांडण ठरलेलं. तळकोंडवाले म्हणणार फूट पलीकडं आहे, उंबरठाणवाले म्हणणार अलीकडं. आठ-आठ दिवस पाणी वाहायचं आणि दोन बांधकाम खाती एकमेकांना पत्रं लिहीत बसायची.

यावर आम्ही दोघांनी, कुणाला न विचारता, एक रीत पाडली होती. आठवड्यातून एकदा दोघांनी हद्दीवर जायचं. आमच्याकडं लोखंडी सळया होत्या, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक पाइपावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची. त्यानं त्याच्या बाजूनं ऐकायचं, मी माझ्या. दोघांचं एक झालं तरच खोदायचं. मग भांडणाला जागा उरत नसे. खोदलं की बहुतेक वेळा फूट सापडायची. तिन्ही गावांत, म्हणजे खालच्या सावरकुंडपर्यंत, आमच्या कानांचं नाव झालं. लोक 'सोपान वायदंडेचा कान' म्हणायचे, कारण नोंद माझ्या वहीत असायची.

माझी वही मंजूमुळं. मी एकेचाळीस वर्षांचा होईपर्यंत अंगठा उठवत होतो. ती तिसरीत असताना तिनं पाटी पुढं ठेवली आणि म्हणाली, आबा, तुमचं नाव काढा. एका उन्हाळ्यात मी अक्षरं शिकलो. त्यानंतर एकही गळती मी न लिहिता सोडली नाही. तारीख, जागा, आवाज कसा, खोदल्यावर काय निघालं. नव्यानं लिहायला शिकलेल्या माणसाला लिहिण्याची हाव असते. इसाक कधी शिकला नाही. त्याच्या गावची वही कारकून महिनाअखेरीला एकदम भरायचा, प्रत्येक ओळीत तेच, 'काम पूर्ण'.

मंजू पुढं इंजिनियर झाली आणि तळकोंडच्याच बांधकाम खात्यात लागली. तिन्ही नगरपरिषदांनी देखभालीची एकच प्रणाली घ्यायची, ही कल्पना तिची. पाइप, पंप, गटारं, रस्त्यावरचे खड्डे, दिव्याचे खांब, सगळ्यांची एकच यादी. हद्द बघायची नाही. ज्याची माणसं जवळ असतील ती जातील. प्रणालीचं नाव तिनं ठेवलं 'सांधा'. सगळ्यात अवघड भाग पाइपांचा होता, कारण पाइप जमिनीखाली असतात. म्हणून साबणाच्या वडीएवढे डबे करून ते दर शंभर फुटांवर पाइपाला चिकटवले. पाणी सुटलं की डबा पाच मिनिटं ऐकतो आणि आवाज सांध्याकडं पाठवतो.

ते आवाज सांध्याला कळतात कसे, हे मंजूनं मला जेवताना समजावलं होतं.

"आबा, यंत्राला गळती म्हणजे काय ते माहीत नसतं. आपण त्याला दहा हजार आवाज ऐकवायचे आणि प्रत्येकाला जाणकार माणसानं सांगायचं, ही गळती, हे शांत. मग यंत्र आपलं आपण खुणा शोधतं. तुमचा कान ते उचलून घेतं."

"म्हणजे मी चुकलो तर?"

"तर तेही चुकणार. ते पाइप शिकत नाही, तुम्हाला शिकतं."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

पाण्याच्या आवाजात मोठी फूट जाड बोलते, खालच्या सुरात. नवी बारीक चीर असेल तर आवाज बारीक असतो, शिट्टीसारखा. म्हातारपणी माणसाचा बारीक आवाज आधी जातो, आणि जो पंपाशेजारी उभा राहून म्हातारा झाला त्याचा तर फारच आधी. कानात शंखासारखी एक पोकळी असते, तिच्या दारातच बारीक आवाज पकडणारे केस असतात. सगळा गोंगाट आधी त्यांना तुडवून आत जातो. ते एकदा झडले की पुन्हा येत नाहीत. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझे कधी झडले ते मला माहीत नाही. अमुक दिवसापासून ऐकू येईना, असं काही झालं नाही. हद्दीवर सळई लावली की मी इसाककडं बघायचो. गळती असली की तो डोळे मिटून हनुवटी खाली घ्यायचा. मी म्हणायचो, "आहे." तो म्हणायचा, "आहे." दोघांचं एक व्हायचं.

मी त्याच्याकडं बघतो म्हणून मला कळतं, हे मला वाचनालयातल्या खोलीत तिसऱ्या दिवशी समजलं. तोवर वाटत होतं, यंत्रातूनच आवाज नीट येत नाहीत. एकामागून एक शांत, शांत, शांत. मधेच एखादी जाड फूट आली की जिवात जीव यायचा. दुपारी चहाला बाहेर आलो तर इसाक बशीत चहा ओतत म्हणाला, "आज लई बारीक बारीक होते रे. शिट्ट्याच शिट्ट्या. डोकं उठलं."

"होय," मी म्हणालो, "लई होते."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बशीकडं. फुंकर मारून चहा प्यायला.

तेव्हाच उठून मंजूला सांगायला हवं होतं. ती चार पावलांवर उभी होती. सावरकुंडचे मुख्याधिकारी तिला म्हणत होते, "मॅडम, तुमच्या वडिलांचा कान आहे म्हणून आम्ही यात आलो, नाहीतर असल्या खुळांना आम्ही लांबूनच नमस्कार करतो." ती हसत होती. तिला मी इतकं मोकळं हसताना तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मी चहा संपवला आणि खोलीत जाऊन बसलो. उरलेले सात आठवडे तसंच रेटलं. जाड असेल तर गळती. बाकी सगळं शांत.

काम संपल्यावर मंजू एक दिवस घरी लवकर आली.

"आबा, गंमत सांगू? तुमचं आणि चाचांचं चार हजार आवाजांवर जुळत नाही."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग?"

"मग सांधा ठरवतो, कुणाचं जास्त धरायचं. दोघांच्या जुन्या नोंदी तपासतो. तुमच्या वहीत पंचवीस वर्षांच्या अकराशे गळत्या आहेत आणि खोदल्यावर दहातल्या नऊ खऱ्या निघाल्यात. चाचांच्या नावावर काहीच धड नाही. त्यामुळं जिथं जुळत नाही तिथं तुमचं खरं." ती माझ्याजवळ बसली. "तुमच्या अक्षरानं बाजी मारली, आबा."

त्या अकराशे नोंदींतल्या अलीकडच्या सगळ्या नोंदी इसाकच्या कानाच्या होत्या. त्यानं ऐकलं होतं आणि मी लिहिलं होतं. लिहिता येणारा खरा ठरला. मी मंजूला म्हणालो, "हात धू, जेवायला बसू."

सांधा सुरू झाला आणि नाव झालं. जाड फुटी तासाभरात सापडू लागल्या. तळकोंडची गाडी उंबरठाणात जाऊ लागली, उंबरठाणचे गवंडी सावरकुंडचं गटार दुरुस्त करू लागले. पेपरात मंजूचा फोटो आला. बारीक चिरांचं काय, हे कुणाला दिसायला मार्गच नव्हता. सांधा जिथं गळती म्हणेल तिथं खोदलं जायचं आणि तिथं ती निघायचीच. जिथं शांत म्हणेल तिथं कुणी खोदतच नसे. त्यामुळं कागदावर तो कधी चुकला नाही.

आमची हद्दीवरची रीत बंद झाली. आदेशात लिहिलं होतं, 'दुबार काम'. इसाककडं फक्त हद्दीवरचा मोठा व्हॉल्व्ह राहिला. सकाळी फोनवर सांध्याचा आवाज यायचा, उघडा. तो उघडायचा.

इसाकचं घर ओढ्याच्या काठाला. मागच्या भिंतीला लागून, जमिनीखालून ती बिडाची लाइन जाते. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्याची बायको, हमीदा वहिनी, हिनं तक्रार नोंदवली, भिंतीतून आवाज येतो. सांध्यानं डब्यातले आवाज तपासले आणि उत्तर दिलं, 'तपासले. दोष नाही.' तिनं परत नोंदवली, परत तेच उत्तर. तिसऱ्या वेळेला मंजूनं मला फोन केला.

"आबा, यंत्र शांत म्हणतंय, पण चाची ऐकत नाहीत. तुम्ही एकदा सळई लावून या. तुम्ही सांगितलंत की त्यांचं समाधान होईल."

मी गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. इसाक व्हॉल्व्हवर होता. वहिनी परसात कोंबड्यांना कण्या टाकत होती.

"आलात का भावजी. हे मला वेड्यात काढतायत सगळे. ऐका तुम्हीच. लांब कुठं चहाची किटली उकळत असावी तसं वाजतंय बघा."

"इसाक काय म्हणतो?"

"ते म्हणतात, आहे. पण त्यांचं आता कोण ऐकतंय? वर मलाच म्हणतात, सोपान येऊ दे, तो बघेल."

मी गुडघ्यावर बसलो, सळई टेकवली, वाटी कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. मग सळई दातात धरून बघितली, कारण जाड फूट दातातून हाडाला कळते. काही नव्हतं. सवयीनं मी मान वर केली आणि समोर बघितलं. समोर इसाक नव्हता. हमीदा वहिनी माझ्याकडं बघत होती, तिच्या हातात कण्यांचं सूप.

"आहे ना?" ती म्हणाली.

तिला ऐकू येत होतं. इसाकला येत होतं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, वहिनी, मला ऐकू येत नाही, पण तुम्ही म्हणताय तर खोदू. एवढ्या चार शब्दांनी मंजूचा सांधा खोटा पडला असता. फोटो खोटा, वही खोटी.

"शांत आहे, वहिनी," मी म्हणालो. "उतारवयात कान वाजतात माणसाचे."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "असेल बाई. तुम्ही म्हणताय तर असेल." आणि मला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सोमवारी, सकाळी सहाला सांध्यानं सांगितलं आणि इसाकनं व्हॉल्व्ह उघडला. वहिनी कोंबड्यांचं खुराडं उघडायला मागं गेली होती. लाइनीत जोर आला, चीर उभी फाटली आणि मागची भिंत खाली बसत तिच्या अंगावर आली. पाणी कधी वर आलंच नव्हतं. ते दोन महिने खालच्या खाली पायाची माती घेऊन ओढ्याला मिळत होतं.

चौकशीचा पहिला अहवाल सांध्यानंच तयार केला. त्यात तक्रारी तीन, तिन्ही वेळा तपासणी, एकदा तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष, दोष नाही, असं होतं. मग कारण काय? मोठा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा असतो, तीन मिनिटं तरी. भरभर उघडला तर वाहतं पाणी पुढच्या पाण्यावर आदळतं आणि तो धक्का पाइपातून हातोड्यासारखा पळत जातो. सांध्याच्या हिशेबानं त्या दिवशी व्हॉल्व्ह पन्नास सेकंदांत उघडला होता. अहवालात एक ओळ होती. 'हाताळणीतील घाई. जबाबदार कर्मचारी, इसाक बाबालाल मुलाणी.'

वहिनीच्या मातीनंतर चौथ्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो. पुढच्या खोलीत तो चटईवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.

"मंजूच्या हाताखालचा पोरगा येऊन सांगून गेला," तो म्हणाला. "पन्नास सेकंद. मला आठवत नाही, सोपाना. त्या दिवशी तुझ्या वहिनीनं सांगितलं होतं, लवकर या, पराठे केलेत. मी घाई केली असेल. केली असेल का रे?"

मी त्याच्या उताण्या हातांकडं बघितलं.

"चाळीस वर्षं उघडतोय तो. या हातांनी," तो म्हणाला. "आणि त्या दिवशीच."

मी तसाच उठून घरी आलो. मंजू स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "मंजू, वहिनीच्या भिंतीचा आवाज तुझ्या फोनवर आहे का?"

"आहे. का?"

"ऐकव मला."

तिनं हात पुसले, फोनवर काहीतरी शोधलं आणि तो माझ्या कानाजवळ धरला. मी वाट बघत राहिलो.

"लाव ना," मी म्हणालो.

"लावलाय, आबा."

"मोठा कर."

"पूर्ण मोठा आहे." ती हळू बोलली. मग तिनं फोन स्वतःच्या कानाला लावला. मग परत माझ्या. गॅसवर आधण ठेवलं होतं, त्यातलं पाणी उतू जाऊन ज्योत विझली, तरी तिनं वळून बघितलं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दहा वर्षं असतील. जास्तही असतील."

"आणि त्या खोलीत? तेव्हा?"

"तेव्हा मला माहीत झालं होतं."

ती खाली फरशीवर बसली. मला वाटलं ओरडेल. ती फक्त बोटांवर मोजत होती, चार हजार आवाज, तीन गावं, किती मैल लाइन. तिचं तिलाच पुटपुटणं चाललं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मीच दार लावलं होतं. दोघांचं जुळत नाही म्हटल्यावर एकत्र बसवून ऐकवायचं, एवढं साधं होतं. मला वही आवडली. तुमची होती म्हणून."

"तुझं नाव यात येऊ देणार नाही मी."

"येईल," ती म्हणाली. "लिहून द्या, आबा. सगळं. मी पण लिहिते."

स्वयंपाकघरातच बसून मी दीड पान लिहिलं. शेजारी ती तिचं लिहीत होती. मधे तिनं माझ्या कागदावर वाकून एक वेलांटी दुरुस्त केली आणि मग तिलाच रडू आलं.

ते दोन कागद दिल्यावर अहवाल बदलला. बाहेरच्या जाणकारांनी डब्यांतले जुने आवाज तपासले. चीर नऊ आठवड्यांपूर्वीची होती. व्हॉल्व्ह पन्नास सेकंदांत उघडला काय आणि तीन मिनिटांत काय, पाया आधीच पोकळ झाला होता. इसाकचं नाव निघालं. मंजूकडून सांधा काढून घेतला आणि तिची बदली झाली, इथून दोनशे मैलांवर, रस्त्यांच्या कामावर. जाताना ती नेहमीसारखी पाया पडली. दिवाळीला आली नाही.

इसाकला मी स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी.

"तुझ्या हातांनी गेली नाही ती. माझ्या कानानं गेली. मला बारीक ऐकू येत नाही. त्या दिवशी इथं बसून मी खोटं बोललो."

तो भिंतीकडं, म्हणजे जिथं भिंत होती त्या ताडपत्रीकडं बघत होता.

"ऐकू येत नाही ते माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय?"

"बारा वर्षं झाली. मी हनुवटी हलवायचो ती कुणासाठी? मला कशाला लागतेय ती? पहिल्यांदा तू चुकलास तेव्हा तुझी वही उघडी होती, पेन धरून बसला होतास. म्हटलं, याचं पान कोरं राहायला नको."

मी बसू का, असं विचारलं नाही आणि त्यानंही बस म्हटलं नाही.

"त्या खोलीत तरी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"मंजूनं विचारलं होतं. चाचा, तुमचं आणि आबांचं का जुळत नाही? पोरगी किती खुशीत होती. मी म्हटलं, माझंच चुकत असेल." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "हमीदाला पण मीच म्हणालो होतो, सोपान येऊ दे, तो बघेल. मला वाटलं, माझ्या घरी येऊन तरी तू मला बोलवशील. व्हॉल्व्ह इथून पाच मिनिटांवर आहे, सोपाना. हाक मारली असतीस तर मी आलो असतो."

मी उभाच होतो.

"आता जा," तो म्हणाला. "आणि येऊ नको."

मी साडेतीन महिने गेलो नाही. ओढ्याच्या त्या बाजूलाच गेलो नाही.

मग एक दिवस नगरपरिषदेतून निरोप आला. सांध्यातून मी दिलेली सगळी उत्तरं काढून टाकली होती. जुने आवाज पुन्हा आणि त्यानंतर डब्यांतून आलेले नव्यानं ऐकायचे आणि या वेळी फक्त इसाकनं सांगायचं, असं ठरलं होतं. पण त्याला पडद्यावरचं वाचता येत नाही, तिथं लिहिणारं कुणीतरी शेजारी लागतं. मंजूच्या जागी आलेल्या साहेबांनी दोन माणसं सुचवली, ती त्यानं नाकारली. म्हणाला, "लिहायला सोपानला बसवा. त्यालाच."

मी गेलो. तेच वाचनालय, एकच खोली. तो हेडफोन लावून बसला होता. माझ्याकडं न बघता शेजारच्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

असे आम्ही एकवीस दिवस बसलो. तो म्हणायचा, "गळती, बारीक." मी लिहायचो. "शांत." मी लिहायचो. कामाशिवाय एक शब्द नाही. चहा आला की तो आपला उचलून बाहेर ओट्यावर जाऊन प्यायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं दाखवलेल्या जागा खोदल्या तर तिन्ही गावांत मिळून एकोणीस चिरा निघाल्या. त्यातली एक सावरकुंडच्या बालवाडीखाली होती. साहेबांनी येऊन त्याचे हात धरले. त्यानं हात सोडवून घेतले आणि मला म्हणाला, "पुढचा लाव."

या वेळी पडद्यावर एक जास्तीचा प्रश्न होता. अपघातानंतर आवाज तपासताना लक्षात आलं होतं की पाइपाला चिकटलेल्या डब्यात घराघरांतली बोलणीही येतात. लोकांनी हरकत घेतली. तेव्हा नियम झाला, की आवाजात माणसाचं बोलणं असेल तर तशी खूण करायची. खूण केली की सांधा बोलणं कायमचं पुसतो, पाइपाचा आवाज तेवढा ठेवतो. तसं असलं की इसाक 'बोलणं' एवढंच म्हणायचा आणि मी खूण करायचो.

बाविसाव्या दिवशी, दुपारी, पडद्यावर जागा आली आणि मी ती मनातच वाचली. उंबरठाण हद्द, मुलाणी यांच्या घरामागे. तारीख अपघाताच्या तीन आठवडे आधीची. ती वाचून दाखवू की नको, हे मला ठरवता येईना. मी न बोलता लावला.

इसाकनं डोळे मिटले. हनुवटी खाली गेली. "गळती," तो म्हणाला. "बारीक. लिही."

मी लिहिलं. तो पुढचा लाव म्हणाला नाही.

"परत लाव."

मी परत लावला. त्याचा हात हळूहळू वर आला आणि त्यानं हेडफोन कानावर दाबून धरला. पाच मिनिटांचा आवाज तो पूर्ण ऐकत राहिला. ओठ हलत होते. मग परत. तिसऱ्यांदा संपल्यावर मला राहवलं नाही.

"काय आहे इसाक?"

"हमीदा आहे," तो म्हणाला. "लांबून, अगदी पुसट. कोंबड्यांशी बोलतेय. तांबडी कोंबडी ऐकत नाही म्हणून तिला शिव्या देतेय." थोडं थांबून म्हणाला, "मलाही देतेय. साखर आणायची विसरलो होतो."

त्यानं हेडफोन काढला आणि, का ते मला अजून कळलेलं नाही, माझ्या कानाला लावला. मी श्वास धरून ऐकलं. मला काहीही ऐकू आलं नाही. शिट्टी नाही, कोंबड्या नाहीत, वहिनी नाही. मी मान हलवली तेव्हा त्यानं तो काढून घेतला.

पडद्यावर प्रश्न थांबला होता. माणसाचं बोलणं, आहे की नाही.

"नाही लिहितो," मी म्हणालो. "तिचा आवाज राहील. दहा हजारांतला एक. एकानं काय होतंय? कुणाला कळणार आहे?"

इसाक बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती, पण कुठल्या खुणेवर काय होतं ते त्याला एवढ्या दिवसांत पाठ झालं होतं.

"त्या दिवशी माझ्या परसात बसून तू असंच म्हणाला असशील," तो म्हणाला. "मनात."

मी मान खाली घातली.

"आहे लिही."

"इसाक..."

"आता खोटं नाही लिहायचं. एकदा लाव आणि मग लिही."

मी शेवटचं लावलं. त्यानं डोळे मिटले नाहीत. पाच मिनिटं तो खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता, आणि मधे एकदा, बायकोनं बोललेल्या एखाद्या गोष्टीवर माणूस हसतो तसा, थोडासा हसला. आवाज संपला. त्यानं मला बोटानं खूण केली.

मी 'आहे' वर बोट ठेवलं. पडद्यावर एक गोल फिरला आणि थांबला.

"पुढचा लाव," तो म्हणाला.